इतिहासाचा स्वर आणि इतिहासाचा हिशेब

इतिहास हा विद्यापीठीय पंडितांचा की सामान्य वाचकाचा, हा वाद जुनाच आहे. अमेरिकेत ज्यांच्या नावाभोवती तो बराच काळ रंगला, ते डेव्हिड मॅकलो ७ ऑगस्ट २०२२ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी निवर्तले. ट्रुमन आणि जॉन ॲडम्स या अध्यक्षांच्या चरित्रांसाठी त्यांना १९९३ व २००२ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. तथापि या गृहस्थांजवळ इतिहासाची पदवी नव्हती. १९५५ साली येल विद्यापीठातून ते इंग्रजी साहित्य घेऊन पदवीधर झाले आणि पुढे नियतकालिकांत व सरकारच्या माहिती खात्यात नोकरी करीत राहिले. पहिला ग्रंथ त्यांनी नोकरी सांभाळून, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी लिहिला. नोकरीच्या रहाटगाडग्यात विद्याव्यासंग अशक्य आहे असे मानणाऱ्या आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

१९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाचा विषय जॉन्सटाऊनचा महापूर हा होता. ३१ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनियातील या पोलादनगरीच्या वरच्या अंगाचे धरण फुटले आणि बावीसशेहून अधिक माणसे मेली. ते धरण पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका क्लबाचे होते. कार्नेगी आणि फ्रिक हे त्याचे सभासद. मासेमारी व नौकाविहारासाठी राखलेल्या त्या तलावाच्या बांधाची डागडुजी धड झाली नव्हती. पुढे न्यायालयात मात्र क्लबाला एक छदामही भरपाई द्यावी लागली नाही. एकाच्या सुखाची किंमत दुसऱ्याने मोजणे, हे तत्त्व प्रस्तुत लेखक वर्गात आलेख काढून शिकवतो. परंतु आलेख विसरणारे विद्यार्थी जॉन्सटाऊनची कथा विसरत नाहीत, असा त्याचा अनुभव आहे.

१९७७ मध्ये पनामा कालव्यावरील त्यांचा ग्रंथ आला. कालवा पनामाला परत देण्याचा करार त्याच वर्षी झाला आणि सेनेटमधील चर्चेत या ग्रंथाचे दाखले दिले गेले. इतिहासग्रंथाने राज्यकर्त्यांच्या मेजापर्यंत पोहोचावे, हे भाग्य क्वचितच लाभते.

मात्र घराघरांत पोहोचला तो त्यांचा आवाज. १९९० साली केन बर्न्स यांचा अमेरिकन यादवी युद्धावरील माहितीपट दूरचित्रवाणीवर कोट्यवधी लोकांनी पाहिला. त्याचे निवेदन मॅकलो यांचे होते. संथ, वडीलधारा, विश्वास वाटावा असा तो स्वर! पण खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. असा स्वर ऐकताना शंका विचारणे श्रोत्याला अप्रशस्त वाटू लागते. २००१ साली इतिहासकार शॉन विलेन्ट्झ यांनी याच पद्धतीच्या इतिहासलेखनावर कठोर टीका केली. व्यक्तीच्या शीलाचे गुणगान होते, पण वादाचे मुद्दे बाजूला पडतात, असा तिचा रोख होता. २०१९ साली ओहायो खोऱ्यातील वसाहतकारांवर मॅकलो यांनी लिहिले, तेव्हाही मूळ रहिवाशांच्या वाट्याला आलेल्या विनाशाकडे त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही, असा आक्षेप आला. तो निराधार नव्हता.

म्हणून लोकप्रिय इतिहास त्याज्य ठरतो काय? मुळीच नाही. दुर्बोधता म्हणजे विद्वत्ता नव्हे. एकट्या ट्रुमनचरित्रासाठी मॅकलो यांनी दहा वर्षे वेचली. त्यांच्या सुगमतेमागे असे कष्ट होते. दोष सोपेपणाचा नसून हिशेब अर्धा सोडण्याचा आहे. कोणी बांधले, कोणी जिंकले, हे सांगणे ही जमेची बाजू झाली. त्यासाठी कोण बुडाले, कोण विस्थापित झाले, हे सांगितल्याखेरीज खाते पुरे होत नाही. पहिल्या ग्रंथात मॅकलो यांनी दोन्ही बाजू मांडल्या होत्या. उत्तरायुष्यात थोरांच्या सहवासात खर्चाची बाजू काहीशी पुसट झाली, असे खेदाने म्हणावे लागते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना असे ग्रंथ अवश्य वाचायला द्यावेत, असे माहितीपट दाखवावेत. मात्र दिवे लागल्यावर एक प्रश्न आवर्जून विचारावा : याची किंमत कोणी मोजली? निवेदकाचा आवाज कितीही गोड असो, हा प्रश्न विचारण्याचे काम श्रोत्यालाच करावे लागते.