चर्चिल फॉल्स: पाणी एकाचं, भाव दुसऱ्याचा

कॅनडाच्या पूर्व टोकाला, लॅब्राडॉरच्या पठाराखाली सुमारे 300 मीटर खोल खडक कोरून एक दालन केलं आहे. त्याची लांबी जवळपास 300 मीटर, आणि उंची अशी की आत पंधरा मजली इमारत मावावी. तिथे ओळीने 11 टर्बाइन बसवलेल्या आहेत. एकूण क्षमता 5,428 मेगावॉट, म्हणजे आपल्या कोयनेच्या पावणेतीन पट.

धरणाची उंच भिंत बघायला कुणी गेलं तर निराश होऊन परत येईल. हे पठार बशीसारखं खोलगट आहे. काठावर जिथे जिथे फट होती तिथे बांध घातले, असे 88 बांध, मिळून 64 किलोमीटर. 75 मीटरवरून कोसळणारा मूळचा धबधबा त्यामुळे जवळजवळ कोरडा पडला. पाणी आता बोगद्यांतून 300 मीटरहून अधिक खाली टर्बाइनवर आदळतं. जलाशयाखाली गेलेल्या जमिनीवर इन्नू लोकांच्या शिकारीच्या वाटा आणि पूर्वजांच्या दफनाच्या जागा होत्या. त्यांना तेव्हा कुणी विचारलंसुद्धा नाही.

वरचं गाव कंपनीचं. शाळा, दुकान, नाट्यगृह, बर्फावरच्या खेळाचं मैदान, सगळं एका छताखाली, कारण हिवाळ्यात पारा उणे चाळीसपर्यंत उतरतो. या इमारतीला डोनाल्ड गॉर्डन यांचं नाव आहे. ते प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीचे प्रमुख होते. क्वेबेकला वीज विकण्याच्या करारावर सह्या झाल्या त्याच वर्षी, नोव्हेंबर 1969 मध्ये, प्रकल्पाचे आणखी एक प्रमुख डोनाल्ड मॅक्पारलंड विमान अपघातात सहकाऱ्यांसह गेले.

तो करार म्हणजे न्यूफाउंडलंडच्या राजकारणातली न भरलेली जखम. पाणी त्याच प्रांतातल्या लॅब्राडॉरचं, पण वीज बाहेर न्यायची वाट शेजारच्या क्वेबेकमधून. मुळात लॅब्राडॉरची हद्द 1927 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ठरवली, हेच क्वेबेकला कधी मनापासून पटलं नाही. आपल्या भूमीतून दुसऱ्याची वाहिनी जाऊ देणं तर दूरच. न्यूफाउंडलंडचे मुख्यमंत्री जोई स्मॉलवूड यांनी 1950च्या दशकात रॉथशाइल्डांसारखे धनको गोळा करून ‘ब्रिन्को’ कंपनी आणली खरी, पण गिऱ्हाईक एकच उरलं: क्वेबेकची सरकारी वीज कंपनी हायड्रो-क्वेबेक. काम सुरू झालेलं, कंपनीची तिजोरी खाली होत चाललेली, आणि समोरच्याला कसलीच घाई नाही. अशा वेळी भाव कोण ठरवतो, हे बाजारात भाजी घेऊन बसलेल्या शेतकऱ्याला विचारावं.

12 मे 1969 रोजी सह्या झाल्या. चाळीस वर्षं युनिटला साधारण पाव सेंट, आणि त्यानंतर आपोआप आणखी पंचवीस वर्षं त्याहूनही कमी, 0.2 सेंट. आजच्या हिशेबाने जेमतेम बारा-तेरा पैसे. 1969 मध्ये पाव सेंट हा काही अगदीच हास्यास्पद भाव नव्हता. घात केला तो मुदतीने. महागाईचं कलमच नव्हतं, आणि चार वर्षांत तेलाचे भाव भडकले. न्यूफाउंडलंडने 1974 मध्ये कंपनीतला मोठा हिस्सा विकत घेतला, तरी 34.2 टक्के क्वेबेककडे राहिले आणि करार तसाच राहिला. तीन वेळा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तिन्ही वेळा हार झाली. 2018 मध्ये न्यायालयाने सांगितलं की नफा एकतर्फी झाला म्हणून करार पुन्हा उघडायला भाग पाडता येणार नाही.

म्हणूनच डिसेंबर 2024 मध्ये मुख्यमंत्री अँड्र्यू फ्युरी आणि क्वेबेकचे फ्रान्स्वा लेगो यांनी सामंजस्य करार केला, तेव्हा तो सुटकेसारखा वाटला. जुना भाव रद्द, सरासरी 5.9 सेंट, मुदत 2075 पर्यंत. शिवाय नदीच्या खालच्या पात्रात गल आयलंड इथे 2,250 मेगावॉटचं नवं केंद्र आणि चर्चिल फॉल्सवर दुसरं भूमिगत वीजगृह. एकूण रक्कम 200 अब्ज डॉलरांहून अधिक सांगितली गेली. पण पन्नास वर्षांची बेरीज एका आकड्यात सांगितली की तो आकडा नेहमी दांडगाच दिसतो. जानेवारी 2025 मध्ये विधानसभेत मतदानाची वेळ आली तेव्हा विरोधी प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह सभात्याग करून बाहेर पडले. मग फ्युरी राजकारणातून गेले आणि जॉन होगन मुख्यमंत्री झाले.

14 ऑक्टोबर 2025 च्या निवडणुकीत लिबरलच परत येणार, असं बहुतेकांनी गृहीत धरलं होतं. निकाल लागला तो असा: चाळीसपैकी 21 जागा टोनी वेकहॅम यांच्या कॉन्झर्व्हेटिव्हांना, 15 लिबरलांना. दहा वर्षांची सत्ता गेली. मतदारांनी हा कौल केवळ विजेसाठी दिला, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. डॉक्टर मिळत नाहीत आणि किराणा परवडत नाही, या तक्रारीही मोठ्याच होत्या. पण वेकहॅम यांनी करार स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासून घेण्याचं आणि अंतिम मसुद्यावर सार्वमत घेण्याचं वचन दिलं होतं, आणि एका जागेच्या बहुमताच्या सरकारला वचन विसरून चालत नाही.

महाराष्ट्राला हे नाटक ओळखीचं वाटेल. 1995 मध्ये शिवसेना-भाजप युतीने एन्रॉन समुद्रात बुडवण्याच्या घोषणेवर मतं मागितली, ऑगस्टमध्ये त्या कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प रद्द केला आणि पुढच्या वर्षी वाटाघाटी करून पुन्हा स्वीकारला. त्या फेरीचा धडा वेकहॅम यांच्या कामाचा आहे: भावावर घासाघीस करणं सोपं, घोळ असतो तो कलमांत. वीज घ्यायलाच लागेल ही सक्ती कुणावर, बाजारभाव वाढला तर वाढीव पैसा कुणाचा, बांधकामाचा खर्च फुगला तर भुर्दंड कुणाला? शेवटचा प्रश्न तर न्यूफाउंडलंडमध्ये कुणाला समजावून सांगावा लागत नाही. त्याच नदीच्या खालच्या पात्रात मस्क्रॅट फॉल्सचा 824 मेगावॉटचा प्रकल्प मूळ अंदाज ओलांडून तेरा अब्ज डॉलरांच्या पुढे गेला, आणि तो सुरू केला होता याच कॉन्झर्व्हेटिव्हांनी.

वेळही दोन्ही बाजूंनी चावते. क्वेबेकला वीज हवी आहे, कारण मागणी वाढते आहे. 2041 नंतर स्वस्ताई संपणार, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण ऑक्टोबर 2026 मध्ये तिथेही निवडणूक ठरलेली आहे, आणि तिथल्या पार्ती क्वेबेक्वा पक्षाचा या कराराला विरोध आहे. न्यूफाउंडलंडमध्ये सार्वमत होईपर्यंत समोर सही करणारं सरकार तेच असेल, याची हमी कुणी देऊ शकत नाही. आणि नवा करार झाला नाही, तर 31 ऑगस्ट 2041 पर्यंत जुनाच भाव चालू राहील: एका डॉलरला पाचशे युनिट.