पापडवाल्या मालकिणी, चोरांचा पहारा!

मालक पुरुष आणि कामाला बायका, हे चित्र लिज्जत पापडने १९५९ सालीच उलटं करून टाकलं. गिरगावातल्या एका गच्चीवर सात गृहिणी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटं! आज अशा बहिणी ४५ हजारांच्या घरात आहेत आणि प्रत्येकजण मालकीण. पुरुषांना मज्जाव नाही हं. ड्रायव्हर, हिशेबनीस म्हणून पगारावर घेतात. मालकीत वाटा तेवढा मागायचा नाही. बहिणींनी सकाळी शाखेत जायचं, कालचे पापड वजन करून द्यायचे, लाटणावळ घ्यायची आणि मळलेलं पीठ डब्यात भरून घरी. खोली लहान, वाळवणाला जागा नाही? मग शाखेतच पीठ मळा, नाहीतर पॅकिंगला बसा.

किर्लोस्करवाडीची गंमत आणखी वेगळी. १९१० मध्ये औंध संस्थानाने लक्ष्मणराव किर्लोस्करांना जमीन दिली, ती निवडुंगाने आणि नागांनी भरलेली. तिथे कारखाना उभा राहिला, आणि रात्रीच्या पहाऱ्याला लक्ष्मणरावांनी नेमले शिक्षा भोगून आलेले गुन्हेगार! यात माणुसकी किती आणि व्यवहार किती? मला तरी व्यवहाराचं पारडं जड वाटतं. चोरवाटा त्यांच्याइतक्या कुणाला ठाऊक असणार? वाडीत अस्पृश्यता पाळायलाही बंदी होती.

जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये आला. देशाच्या कायद्यात तो यायला १९४८ उजाडलं. बाळंतपणाचा लाभ तिथे १९२८ पासून, केंद्राचा कायदा १९६१ चा. त्याही आधी, १८८६ मध्ये, टाटांच्याच नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये पेन्शन फंड सुरू झाला होता.

अर्थात सगळेच मालक असे नव्हते. रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणीमालकांनी प्रेमाने दिलेली नाही. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी हजारो कामगार जमवले, सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, तेव्हा कुठे १८९० मध्ये ती पदरात पडली.

मुंबईतलीच मिरॅकल कुरियर्स २००९ ची. ध्रुव लाक्रा बसमध्ये शेजारच्या मुलाशी बोलायला गेले, त्याला ऐकूच येत नव्हतं. त्यातून ही कंपनी सुचली. पाकिटं निवडणाऱ्यांपासून ती घरपोच देणाऱ्यांपर्यंत सगळे कर्णबधिर. निरोप चालायचे एसएमएसवर.

आता जरा सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेत, हा आपला नियम १ एप्रिल २०१४ पासूनचा. ‘जगात पहिले आपणच’ अशी फुशारकी नेहमी ऐकू येते, पण मॉरिशसने दोन टक्क्यांची सक्ती २००९ मध्येच केली होती. आणखी एक मेख: केवळ स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत. म्हणजे जमशेदपूरचा तो बाळंतपणाचा लाभ आजच्या नियमात बसलाच नसता!