पट्टीवरची मुदत आणि घरातली हवा

औषधाच्या पट्टीवर छापलेली मुदत बिनशर्त नसते. सांगितलेल्या तापमानात, ओल आणि उन्हापासून दूर ठेवलेले औषध त्या तारखेपर्यंत टिकेल, एवढीच ती हमी. बऱ्याच गोळ्यांवर ३० अंश सेल्सिअसच्या, तर काहींवर २५ अंशांच्या खाली ठेवण्याची सूचना असते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, कोकणात पावसाळाभर भिंतींना ओल असते. त्यामुळे घरातली जागा निवडूनच घ्यावी लागते. गॅसजवळचे फडताळ, फ्रीजचा माथा आणि न्हाणीघरातले आरशाचे कपाट या हाताशी असलेल्या जागाच सर्वांत वाईट. आतल्या खोलीतले कोरडे कपाट बरे.

ओल काय करते ते ॲस्पिरिनमध्ये चटकन कळते. दमट हवेत तिचे विघटन होऊन सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल तयार होते. डबी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर त्या गोळ्या टाकून द्याव्यात. बाटलीतली सिलिका जेलची पुडी म्हणूनच फेकायची नसते. गोळ्या पट्टीतून आधीच काढून ठेवायच्याच असतील, तर आठवड्यापुरत्याच. पट्टी कापताना मुदत छापलेले टोक शेवटपर्यंत राखावे.

‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ ही सूचना वाचून सरसकट सगळे फ्रीजमध्ये कोंबण्याची सवय मात्र चुकीची. फ्रीज २ ते ८ अंश सांगितलेल्या औषधांसाठी. न उघडलेले इन्सुलिन त्यांपैकीच. ते फ्रीझरला खेटून ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नितळ दिसले तरी वापरायचे नसते. दारातल्या कप्प्यात तापमान सारखे वरखाली होते, तेव्हा मधला कप्पा चांगला. वापरात असलेली कुपी बहुधा चार आठवड्यांपर्यंत फ्रीजबाहेर चालते, पण कडक उन्हाळ्यात तेही अवघड. फ्रीज नाही किंवा वीज तासन्‌तास जाते, अशा घरांत मातीचे मडके कामी येते: मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडके आणि त्यात झाकणाच्या कोरड्या डबीत कुपी. पाझरलेले पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेते आणि आतली हवा बाहेरपेक्षा काही अंशांनी गार राहते. दमट किनाऱ्यावर हा उपाय फारसा साधत नाही.

पूरक गोळ्यांकडे औषध म्हणून पाहिलेच जात नाही. त्या जेवणाच्या टेबलावर मिठाशेजारी असतात. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल उष्णतेने खवट होतात. लोहाच्या रंगीत गोळ्या लहान मुलाला गोळ्या-चॉकलेटसारख्या दिसतात आणि जास्त खाल्ल्या गेल्या तर जीवावर बेततात. त्या उंचावर, कुलपातच हव्यात. आठवड्यातून एकदाच घ्यायची ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल रोजच्या गोळ्यांत मिसळली, तर ती रोज पोटात जाण्याचा धोका असतो.

उघडलेल्या बाटलीचा हिशेब वेगळा. डोळ्यांचे बरेचसे थेंब उघडल्यापासून २८ दिवसांत संपवायचे असतात, पाण्यात कालवलेले अँटिबायोटिक सिरप एक-दोन आठवड्यांत. झाकण उघडले त्या दिवसाची तारीख लेबलवर पेनाने लिहिली, की नंतर अंदाज बांधावा लागत नाही. उरलेले सिरप पुढच्या तापासाठी राखून ठेवू नये, आणि मोरीत तर मुळीच ओतू नये.