तारांना दोष देण्याआधी

बास गिटारचा एखादा सूर लागतो आणि काठीही न पडलेला स्नेअर ड्रम आपणहून चरचरू लागतो. वादकाचा हात आधी जातो तो ड्रमच्या तळाला लागून ताणलेल्या तारा आवळण्याच्या स्क्रूकडे. दुखणे मात्र बहुधा तारांचे नसतेच. स्नेअरचे खालचे पान (ढोलपथकातला हाच शब्द इथेही चालावा) वरच्यापेक्षा बरेच पातळ असते. वरचे पाव मिलिमीटरच्या आसपास, तर खालचे त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतके. काठी वर पडली की आतली हवा खालचे पान ढकलते, पान तारांना दूर लोटते आणि परत फिरताना दोघांची टक्कर होते. ती चरचर म्हणजे या टकरा. पान पुरेसे हलले नाही, तर तारा त्याला चिकटूनच डोलतात आणि काहीच वाजत नाही. तारा जितक्या ताणलेल्या, तितके पान जास्त हलावे लागते.

म्हणूनच, ‘पण आवळल्यावर चरचर थांबते ना!’ हा आक्षेप खरा असूनही अपुरा आहे. पान गिटारमुळे हलले की काठीमुळे, हे तारांना कळत नाही. नकोशा चरचरीबरोबर हलके ठोकेही मुके होतात. संगीतकार राव्हेलच्या १९२८च्या ‘बोलेरो’त स्नेअर अगदी दबक्या आवाजात सुरू होतो; तिथे करकचून आवळलेल्या तारा काय कामाच्या? खरा इलाज सूर हलवण्याचा. चरचर नेमक्या कोणत्या सुराला उठते ते शोधावे. पुष्कळदा शेजारच्या टॉम ड्रमचा सूर खालच्या पानाच्या सुराशी जुळलेला निघतो. मग दोघांपैकी एकाला थोडे चढवावे किंवा उतरवावे. त्याआधी पान ताणणाऱ्या प्रत्येक स्क्रूजवळ, कडेपासून बोटभर आत, काठीने हलकेच टिचकी मारून सगळीकडे सारखाच सूर येतो का ते ऐकावे. ताण असमान असला की एकाच कंपनाचे दोन जवळजवळचे सूर होतात आणि आवाज हेलकावे खातो.

यावर कुणी म्हणेल, भरल्या मंचावर कोणता ना कोणता सूर जुळणारच. जुळणारच, एवढे पातळ पान पूर्ण गप्प राहणार नाही, आणि पट्ट्या चिकटवून ते गप्प केले तर वाद्याची धारच जाते. वाद्यवृंदातले वादक यावर सोपा मार्ग काढतात : आपली पाळी नसताना बाजूचा खटका ओढून तारा पानापासून सोडवून ठेवतात.