वर्गात बसायचं की बाहेर पडायचं? काशीने पाहिलेलं शतक

मार्च १९१६. बडोद्याच्या कॉलेजात शिकणारा वीस वर्षांचा एक मराठी तरुण इंटरची परीक्षा द्यायला मुंबईच्या गाडीत बसला. सुरत स्टेशन आलं आणि तो उतरला. परीक्षेची वाट सोडून त्याने काशीची गाडी धरली आणि घरी पत्राने तसं कळवलं. शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं तर त्याने आधीच आईच्या चुलीत घातली होती.

या तरुणाचं नाव विनायक नरहरी भावे. पुढे सारा देश त्यांना विनोबा म्हणून ओळखू लागला.

काशीत विनोबा संस्कृत शिकू लागले. शहरात तेव्हा चर्चा होती ती एका भाषणाची. ते येण्याच्या काही आठवडे आधी झालेलं ते भाषण त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं, भाषण करणाऱ्याला पत्र लिहिलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्याला भेटायला अहमदाबाद गाठलं. भाषण करणारे होते मोहनदास करमचंद गांधी आणि प्रसंग होता बनारस हिंदू विद्यापीठाच्या पायाभरणीचा.

म्हणजे पाहा, विद्यापीठाची इमारत उभी राहण्याआधीच तिथल्या एका भाषणाने एका मुलाच्या आयुष्याची दिशा पक्की केली! बाहेर जग पेटलेलं असताना तरुणांनी वर्गात बसायचं की बाहेर पडायचं, हा प्रश्न या विद्येच्या नगरीने पुढच्या पन्नास वर्षांत पुन्हा पुन्हा ऐकला.

शामियान्यातलं वादळ

काशी हे विद्येचं गाव फार जुनं. घाटांवरच्या पाठशाळा होत्याच, शिवाय १७९१ मध्ये इंग्रजांनी इथे संस्कृत कॉलेज काढलं. १८९८ मध्ये ॲनी बेझंट यांनी सेंट्रल हिंदू कॉलेज सुरू केलं. पण पंडित मदनमोहन मालवीयांचं स्वप्न याहून मोठं होतं. वेदांपासून इंजिनिअरिंगपर्यंत सगळं एकाच आवारात शिकवणारं आणि विद्यार्थ्यांना राहण्याचीही सोय असणारं विद्यापीठ त्यांना हवं होतं. त्यासाठी त्यांनी देशभर फिरून देणग्या मागितल्या. काशीनरेशांनी जमीन दिली.

४ फेब्रुवारी १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी कोनशिला बसवली. युरोपात तेव्हा पहिलं महायुद्ध धुमसत होतं. काशीत मात्र राजे-महाराजे दागिन्यांनी मढून आले होते.

दोन दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, गांधीजी बोलायला उभे राहिले. दक्षिण आफ्रिकेतून परतून त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. आपल्याच देशात आपल्याला परक्या भाषेत बोलावं लागतं याची त्यांना लाज वाटत होती, आणि ते त्यांनी इंग्रजीतच सांगून टाकलं. विश्वनाथ मंदिराच्या गल्ल्यांतली घाण त्यांनी काढली. समोर बसलेल्या संस्थानिकांना त्यांनी ते दागिने उतरवून देशाच्या कामी लावायला सांगितलं. व्हाइसरॉयसाठी रस्तोरस्ती गुप्त पोलीस का ठेवावे लागतात, असंही विचारलं. ॲनी बेझंट यांनी त्यांना थांबायला सांगितलं. विद्यार्थी मात्र बोला, बोला म्हणून ओरडत होते. शेवटी संस्थानिक उठून गेले आणि भाषण अर्धवटच राहिलं.

एकाच गावात दोन उत्तरं

चार वर्षांत तो प्रश्न खरोखरच दारात येऊन उभा राहिला. १९२० मध्ये गांधीजींनी असहकाराची हाक दिली आणि सरकारी मदतीवर चालणाऱ्या शाळा-कॉलेजांवर बहिष्कार टाकायला सांगितलं. बनारस हिंदू विद्यापीठात शिकवणारे आचार्य कृपलानी काही विद्यार्थ्यांना घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी गांधी आश्रम सुरू केला. १० फेब्रुवारी १९२१ रोजी याच शहरात गांधीजींच्या हस्ते काशी विद्यापीठाची स्थापना झाली. सरकारी पैसा नाही, सरकारी परीक्षा नाही, शिक्षण हिंदीतून.

गांधीजींचं ऐकून शाळा सोडणाऱ्यांत काशीचा एक सोळा वर्षांचा मुलगा होता. वडील लहानपणीच गेलेले, परीक्षा तोंडावर आलेली. पुढे काशी विद्यापीठातून १९२५ मध्ये त्याने 'शास्त्री' ही पदवी मिळवली आणि तीच त्याचं आडनाव होऊन बसली. हे आपले लालबहादूर शास्त्री. संस्कृत शिकायला आलेला पंधरा वर्षांचा चंद्रशेखर १९२१ मध्येच पकडला गेला. न्यायाधीशाला त्याने आपलं नाव 'आझाद' असं सांगितलं आणि फटक्यांची शिक्षा सोसली. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेडचे शिवराम हरी राजगुरूही संस्कृत शिकायलाच काशीत आले आणि तिथेच क्रांतिकारकांना जाऊन मिळाले. २३ मार्च १९३१ रोजी लाहोरला भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर ते फासावर गेले, तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते.

मालवीयजींना मात्र मुलांनी शिक्षण सोडणं पटलं नाही. गांधीजींबद्दल मनात आदर असूनही त्यांनी आपलं विद्यापीठ बंद होऊ दिलं नाही. याचा अर्थ ते लढ्यापासून दूर राहिले असा नाही. चौरीचौराच्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्यांसाठी, वकिली सोडलेली असतानाही, ते पुन्हा कोर्टात उभे राहिले आणि दीडशेहून अधिक जणांची फाशी टळली. कायदेभंगाच्या चळवळीत ते तुरुंगातही गेले. शिकलेला देश उभा करणं हाही लढाच आहे, असं त्यांना वाटत होतं. दोन थोर माणसांची ही दोन उत्तरं एकाच गावात शेजारी-शेजारी नांदली.

काशीतल्या एका मराठी घराने तिसरं उत्तर दिलं, शब्दांनी लढण्याचं. बाबूराव विष्णु पराडकर यांचा जन्म काशीचाच. 'आज' या हिंदी दैनिकाचे ते नावाजलेले संपादक. १९३० च्या चळवळीत सरकारने वर्तमानपत्रांचा गळा आवळला, तेव्हा 'रणभेरी' हे गुप्त पत्रक निघू लागलं. त्यामागेही पराडकरांची लेखणी होती. घरी मराठी बोलणाऱ्या या माणसाला हिंदी पत्रकारिता आजही आपल्या जनकांपैकी एक मानते.

नारळीकरांच्या घरातला फळा

१९३२ मध्ये केंब्रिजहून गणित शिकून आलेले कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर मालवीयजींच्या बोलावण्यावरून काशीत आले आणि अवघ्या चोविसाव्या वर्षी गणित विभागाचे प्रमुख झाले. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाचा अभ्यास देशात अगदी मोजक्या ठिकाणी होत होता. काशी त्यांपैकी एक ठिकाण झालं.

त्यांचा मुलगा जयंत १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मला, पण वाढला तो विद्यापीठाच्या आवारात. त्यांच्या घराच्या भिंतीवर फळा होता. शिकायला येऊन राहिलेले मोरूमामा त्यावर गणिताचं एखादं कोडं लिहून ठेवत, भाच्यासाठी आव्हान म्हणून. कोडं सुटेपर्यंत फळा पुसायचा नाही! मोबाइलवर क्षणात उत्तर शोधणाऱ्या आपल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. न सुटलेला प्रश्न काही दिवस डोळ्यांसमोर राहू देणं, हीच त्या घराची शिकवण होती.

१९४२ : आवारात लष्कर, खोलीत तारे

२१ जानेवारी १९४२ रोजी रौप्यमहोत्सवी समारंभासाठी गांधीजी पुन्हा विद्यापीठात आले. या वेळी ते हिंदीत बोलले. प्रवेशद्वारावरच्या पाटीवर इंग्रजी अक्षरांनी बरीच जागा व्यापली आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. जपान युद्धात उतरला होता आणि महायुद्ध हिंदुस्थानच्या पूर्व सीमेकडे सरकत होतं.

ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा वणवा पेटला. मुंबईत नेत्यांना अटक झाल्याची बातमी येताच विद्यार्थी रस्त्यावर आले. सरकारने आवारात लष्कर घुसवलं आणि वसतिगृहं रिकामी केली. तेव्हा कुलगुरू होते डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन. प्रांताच्या गव्हर्नरांना विद्यापीठाचं युद्ध-रुग्णालय करायचं होतं. राधाकृष्णन यांनी दिल्लीपर्यंत धाव घेऊन तो बेत हाणून पाडला आणि विद्यापीठ पुन्हा उघडलं. सरकारी पैसा अडला तेव्हा देणग्यांसाठी तेही गावोगाव फिरले, मालवीयजींसारखेच.

याच धामधुमीत गुजरातचे एक तरुण गणितज्ञ, प्रल्हाद चुनीलाल वैद्य, पत्नी आणि तान्ह्या मुलीसह काशीत आले. नोकरी नव्हती. साठवलेल्या पैशांवर काही महिने काढून नारळीकर सरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करायचं, एवढंच मनात होतं.

त्यांनी काय केलं ते समजायला पुन्हा १९१६ मध्ये जावं लागेल. काशीत विद्यापीठाची कोनशिला बसत होती, त्याच सुमारास जर्मन सैन्यात असलेल्या कार्ल श्वार्झशिल्ड या शास्त्रज्ञाचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. युद्धाच्या आघाडीवर असताना त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं सोडवून दाखवली होती. ताऱ्याभोवतीचं गुरुत्वाकर्षण कसं असेल, हे त्या उत्तरातून कळत होतं. पण तो तारा प्रकाश न टाकणारा होता. खरे तारे तर सतत प्रकाश फेकत असतात. अशा ताऱ्याचं उत्तर वैद्यांनी काशीत शोधलं आणि ते १९४३ मध्ये प्रसिद्ध झालं. आजही जगभरचे शास्त्रज्ञ त्याला वैद्यांच्या नावाने ओळखतात.

एका महायुद्धात अर्धवट राहिलेलं काम दुसऱ्या महायुद्धात काशीत पुढे गेलं. रस्त्यावर 'भारत माता की जय' घुमत होतं आणि एका खोलीत एक बाप, लेकीला झोपवून, ताऱ्यांचं गणित मांडत असेल. यातलं कोणतं काम देशाचं नव्हतं?

स्वातंत्र्यानंतर

स्वातंत्र्य नऊ महिन्यांवर आलेलं असताना, १२ नोव्हेंबर १९४६ रोजी मालवीयजी गेले. पण त्यांच्या विद्यापीठातून बाहेर पडलेली माणसं नव्या देशाच्या कामाला लागली. १९४८ मध्ये नेमलेल्या विद्यापीठ शिक्षण आयोगाचे अध्यक्ष राधाकृष्णनच होते.

१९५७ मध्ये जयंत नारळीकर बनारसची बी.एस्सी. पदवी घेऊन केंब्रिजला निघाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रशियाने 'स्पुटनिक' सोडला आणि जगाची नजर आकाशाकडे वळली. १९६४ मध्ये गुरू फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, तेव्हा भारतातल्या घराघरांत त्यांचं नाव पोहोचलं. योगायोग असा की त्याच वर्षी काशीत शाळा सोडलेला तो मुलगा, लालबहादूर, देशाचा पंतप्रधान झाला. १९६५ च्या युद्धानंतर शांततेचा करार करून ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदमध्ये शास्त्रीजींनी देह ठेवला.

एकाने वर्ग सोडला, एक वर्गातच रमला. दोघेही देशाला हवे होते.

काशीला गेलात तर

काशीला गेलात की गंगास्नान आणि विश्वनाथाचं दर्शन होईलच. मग तासभर काढून लंका भागातल्या सिंहद्वारापाशी जा. बाहेर चौकात मालवीयजींचा पुतळा आहे आणि आत अर्धवर्तुळाकार रस्ते आणि झाडांच्या रांगा आहेत. सुमारे १३०० एकरांचं हे आवार म्हणजे एक गावच. सायकलवरून वर्गाला निघालेली मुलं दिसतील.

जयंतरावांनी आपल्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रात ज्या चार नगरांची गोष्ट सांगितली, त्यातलं पहिलं हेच. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

बरोबर नातवंडं असतील तर तिथल्याच एखाद्या झाडाखाली बसून त्यांना दोन मुलांची गोष्ट सांगा. एकाने प्रमाणपत्रं चुलीत घातली आणि पुढे भूदानासाठी देशभर पायी फिरला. दुसऱ्याने फळ्यावरचं कोडं सुटेपर्यंत पुसू दिलं नाही आणि विश्वाची कोडी सोडवायला निघाला. मग त्यांना विचारा, तू काय केलं असतंस? आणि उत्तराची घाई करू नका. फळा तसाच राहू द्या.