"अहो, कुठवर आलात?"

मैत्रिणींनो, संध्याकाळचे सात वाजले, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, कणीक भिजवून झाली आणि 'हे' अजून घरी आले नाहीत, की आपला हात आपोआप कुठे जातो? फोनकडे! "अहो, कुठवर आलात?" एवढंच तर विचारायचं असतं. फार तर "येताना अर्धा लीटर दूध आणा" हे शेपूट त्याला जोडायचं. पलीकडून वाऱ्याचा आवाज येतो, मधेच हॉर्न वाजतो, "आलोच, आलोच" असं ऐकू येतं आणि आपला जीव भांड्यात पडतो. पण तो वारा ऐकून तुमच्या कधी मनात आलं का, की हा माणूस या घडीला एका हाताने गाडी चालवतो आहे?

माझ्या तरी आलं नव्हतं.

बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यातलं धामणगाव बढे हे माझ्या नणंदेचं गाव. २०२२ चा नोव्हेंबर महिना होता. दिवाळी होऊन गेली होती, कापूस वेचणीचे दिवस. बुलढाण्याहून एस.टी.ने राजूर घाट उतरून मी मोताळ्याला आले तेव्हा पुढची गाडी निघून गेली होती. नणंदेचा धाकटा मुलगा मोटारसायकलवर मला घ्यायला येणार होता. सहा वाजून गेले, अंधार पडला, स्टँडवरची गर्दी पांगली. मी फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी उचलला. "अरे, कुठवर आलास? मी केव्हाची उभी आहे इथे!" माझ्या आवाजात त्रागा होता, खोटं कशाला सांगू? "आलोच मामी, पाच मिनि..." आणि पुढे काहीच नाही. रेंज गेली असेल असं समजून मी फोन पर्समध्ये टाकला.

रेंज गेली नव्हती. रस्त्याच्या कडेला कापसाची ट्रॉली उभी होती. तिच्या मागे दिवा नाही, चमकणारी लाल पट्टी नाही, काही नाही. पोरगा थेट तिच्यावर गेला. हेल्मेट होतं, पण कोपरात अडकवलेलं. ते डोक्यावर असताना फोन कानाला कसा लागणार? मागून येणाऱ्या कुणा भल्या शेतकऱ्याने त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि नाव न सांगताच तो निघून गेला.

पोरगं वाचलं, देवाची कृपा. डोक्याला अकरा टाके पडले, उजव्या मांडीचं हाड मोडलं, त्यात सळई घातली. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे उठून सोळाशे मीटर पळायचा, हातात घड्याळ धरून वेळ लावायचा. जानेवारी २०२३ मध्ये राज्यात भरतीच्या मैदानी चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा हा खाटेवर पडून होता. आता गावातल्याच एका किराणा दुकानात बसतो. चालताना पाय किंचित ओढतो.

नणंदबाईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. पण दवाखान्यात त्याच्या कपड्यांबरोबर त्याचा फोनही पिशवीत घालून दिला होता. काच तडकलेली, पण चालू होता. नणंदबाईंनी तो पाहिला आणि काही न बोलता उशीखाली सरकवला. रात्री त्यांचा डोळा लागल्यावर मी काढून पाहिला. शेवटचा फोन, 'मामी'. एकवीस सेकंद. त्याच्या आधीही, 'मामी' आणि 'मामी'.

भेटायला येणारी जो तो एकच म्हणे. शेजारच्या म्हातारीने तर कपाळावर हात मारून घेतला, "काहून उचलला बाप्पा यानं फोन!" खरंच होतं तिचं. फक्त 'काहून केला' असं मात्र कुणी विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, दोष त्या ट्रॉलीवाल्याचा नाही का? आहेच. रात्री बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यावर उभी करणं म्हणजे गळफास लावून ठेवणंच. पण तशा ट्रॉल्या, बसलेली गुरं आणि खड्डे आपल्या रस्त्यांवर रोजच असतात, आणि ते चुकवायचे तर नजर आणि चित्त दोन्ही ताळ्यावर हवं.

आता थोडा हिशेब करू या. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. फोन खिशातून काढायचा, नाव वाचायचं, बटण दाबायचं, याला पाच सेकंद लागतात असं धरा. तेवढ्यात गाडी ८३ मीटर गेली. म्हणजे दहा नऊवारी लुगडी एकापुढे एक अंथरली तर होईल तेवढी लांबी! तेवढं अंतर गाडी चालवणारा डोळे मिटल्यासारखा जातो.

यावर पुरुषमंडळींचं उत्तर ठरलेलं असतं. "मी काय फोन हातात धरतो? माझ्या कानात यंत्र असतं!" हा मोठा गैरसमज आहे. कॅनडातल्या टोरांटो शहरात रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोन संशोधकांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनचे हिशेब तपासले. १९९७ साली छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, आणि हात मोकळे ठेवणारी यंत्रं वापरल्याने काही विशेष फायदा दिसला नाही. कारण अडतं ते हातापाशी नाही, चित्तापाशी. आपल्याला हे पुस्तकातून शिकायला नको. गॅसवर दूध ठेवून बहिणीशी फोनवर बोलत ओट्यापाशीच उभ्या राहा. डोळे दुधाकडेच असतात, आणि डोळ्यांदेखत दूध उतू जातं!

शेजारी बसून बोलणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी. समोरून ट्रक आला की तो आपण होऊन गप्प होतो, "अहो, सांभाळून" म्हणतो. फोनच्या पलीकडच्या माणसाला ट्रक दिसत नाही. तो आपला विचारत राहतो, कांदे आणलेत की नाही?

कायद्याचंही सांगून ठेवते, घरात वाद झाला तर उपयोगी पडेल. १९८८ चा मोटार वाहन कायदा झाला तेव्हा आपल्याकडे मोबाईल आलाच नव्हता. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात फोन वापरणं हे धोकादायक चालवण्यात स्पष्ट घातलं. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडलं तर दंड दहा हजार, आणि कैद दोन वर्षांपर्यंत. फोनवर रस्ता पाहायला नियमाने मुभा आहे, पण तीही चालवण्यावरचं लक्ष ढळणार नाही अशा बेताने. धामणगावात पोलीस ठाणं आहे. पण प्रत्येक वळणावर शिपाई कुठून उभा करणार? आणि शिपाई दिसला की फोन खिशात, तो मागे पडला की पुन्हा कानाला, हे आपण पाहतोच.

आमच्या जिल्ह्यात १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटून पंचवीस माणसं गेली. त्या अपघाताचा फोनशी संबंध नव्हता; पण त्यानंतर कित्येक दिवस घरोघर गाड्यांचीच चर्चा होती. गावरस्त्यावर ट्रॉलीला धडकून एखाद्याचा पाय जातो, त्याची मात्र दोन ओळींचीही बातमी होत नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ जीव गेले. हेल्मेट नव्हतं म्हणून गेलेले त्यातले पन्नास हजारांवर, आणि या पन्नास हजारांत १४,३३७ जण गाडी चालवणारे नव्हते, नुसते मागे बसलेले होते. मागे कोण बसतं, हे तुम्हाला सांगायला नकोच.

मागे बसून आपण काय करतो तेही पाहा बरं. मोताळ्याच्या रस्त्यावर मी डोळ्यांनी पाहिलंय, नवरा गाडी चालवतोय, बायको मागून एका हाताने लेकरू सांभाळतेय आणि दुसऱ्या हाताने फोन नवऱ्याच्या कानाला धरतेय! केवढी सेवा ही! आणि स्कूटी चालवणाऱ्या आपल्या मुली? चेहऱ्याला स्कार्फ घट्ट बांधायचा आणि फोन त्यात कानाशी खोचायचा. ऊन लागू नये म्हणून केवढी काळजी!

आणखी एक गोष्ट जाता जाता. चौदा वर्षांच्या मुलाला "जा रे, गिरणीतून दळण घेऊन ये" म्हणून स्कूटीची किल्ली कोण देतं? बहुधा आपणच. त्याच्या हातून काही घडलं तर कलम १९९-अ खाली पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे. वर त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. दळण डोक्यावरून आणलेलं परवडलं.

दुसऱ्याच्या गाडीत बसलो की आपण गप्प बसतो. काळीपिवळीचा ड्रायव्हर हसत हसत फोनवर बोलत असतो आणि आपण मनातल्या मनात देवाचं नाव घेत असतो. मार्च २०२५ मध्ये मुंबई-पुणे ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवता चालवता फोनवर क्रिकेटचा सामना पाहत होता. एका प्रवाशाने त्याचं चित्रण करून थेट परिवहन मंत्र्यांकडे पाठवलं. चालकाला कामावरून काढलं आणि त्याला नेमणाऱ्या कंपनीला पाच हजारांचा दंड झाला. आपल्याला मंत्र्यांपर्यंत जायची गरज नाही. "दादा, फोन करायचा तर गाडी बाजूला घ्या, आम्ही थांबतो" एवढं म्हटलं तरी पुष्कळदा काम होतं. मी हल्ली म्हणते. एकदा एकाने "लयच भेता बुवा तुम्ही" म्हणून टोमणा मारला, पण फोन ठेवला.

घरात आम्ही काय ठरवलं ते सांगते. निघताना एक निरोप, पोचल्यावर एक निरोप, मधे काही नाही. आणायच्या सामानाची चिठ्ठी सकाळीच खिशात घालायची. कोथिंबीर राहिली तर राहिली, त्या दिवशी वरण बिनकोथिंबिरीचं. फोन लावलाच, तर पहिला प्रश्न "गाडीवर आहेस का?" आणि 'हो' आलं की आपणच ठेवायचा, पुढचं एक अक्षर बोलायचं नाही. आमच्या घरी गाडीवर फोन डिक्कीत असतो, खिशात नाही, कारण खिशात थरथरला की जीव राहत नाही. हल्लीच्या फोनमध्ये 'मी गाडी चालवतो आहे' असा निरोप आपोआप पाठवायची सोय असते. मुलांना सांगा, दोन मिनिटांत लावून देतील.

सगळ्यात कठीण निराळंच आहे. "फोन का नाही उचललात?" हा प्रश्न गिळणं. उशिरा आलेल्या माणसाला दारातच हे विचारलं, की दुसऱ्या दिवशी तो गाडीवर फोन उचलणारच. मला ही सवय मोडायला वर्ष लागलं. अजूनही सात वाजले की हात फोनकडे जातोच. मग मी लसूण सोलत बसते.

गेल्या दिवाळीनंतर पुन्हा धामणगावला गेले. मोताळ्याच्या स्टँडवर भाचाच घ्यायला येणार होता. पाऊण तास झाला. अंधार पडत आला, पोटात गोळा आला, पण फोन पर्समध्येच राहू दिला. तो आला, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "मामी, रस्त्यात गाडी पंक्चर झाली होती. तुम्ही फोन नाही केला?"

मी म्हटलं, "नाही रे. चल, ताई वाट पाहत असतील."