विषण्ण आणि प्रसन्न : खचलेल्या मनाची दिनचर्या



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी इचोड्यात शिकलो. पुढे जन्मभर मराठी शिकविले. वैद्यकाशी माझा संबंध रुग्ण म्हणून आणि वाचक म्हणून, एवढाच. तरीही मनाच्या उदासीनतेवर आयुर्वेदातील दिनचर्येचा व आहाराचा काय उपयोग होतो, हा विषय मी मुद्दाम निवडला. त्याचे मूळ याच शाळेच्या पटांगणात आहे.

मी सातवीत होतो. कापूस वेचणीच्या दिवसांत माझे वडील वारले. मी शाळेत येत असे. पण मागच्या बाकावर नुसता बसून राही. मधल्या सुट्टीत फडके सोडीत नसे. पंधरा-वीस दिवसांनी गुरुजींनी बोलावले. सांत्वनाचा एक शब्दही ते बोलले नाहीत. म्हणाले, "उद्यापासून पहिली घंटा तू वाजवायची. उजाडताना यायचे, पटांगणाला चार फेऱ्या मारायच्या, माझ्याबरोबर दूध-भाकरी खायची आणि मग घंटा." लोखंडी रुळाचा तो टांगलेला तुकडा मी वर्षभर वाजविला. तेव्हा ती मला शिक्षा वाटली. ते औषध होते हे कळायला मला साठी ओलांडावी लागली.

प्रथम शब्दाचा विचार करू, कारण माझा अधिकार तेवढाच. आपण ज्याला 'विषाद' म्हणतो तो 'सद्' या धातूपासून आला आहे. त्याचा अर्थ बसणे, खाली जाणे. विषण्ण म्हणजे खाली बसलेला, खचलेला. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग आहे आणि त्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन धनुष्य टाकून रथात खरोखरच बसतो. अठराव्या अध्यायाच्या शेवटी तो आपण उभे आहोत असे सांगतो. मध्ये एवढा मोठा संवाद व्हावा लागला, हेही लक्षात घ्यावे. खचलेला मनुष्य 'ऊठ' म्हटल्याबरोबर उठत नाही.

गंमत अशी की 'प्रसन्न' हा शब्दही त्याच धातूचा आहे. गढूळ पाणी स्थिर ठेवले म्हणजे गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी नितळ होते, ती प्रसन्नता. सुश्रुताने निरोगी माणसाचे लक्षण सांगताना दोष, अग्नी, धातू व मलक्रिया सम असणे एवढ्यावर भागविलेले नाही. आत्मा, इंद्रिये आणि मन प्रसन्न असणे ही अटही त्याने घातली. म्हणजे मनाची स्वच्छता हा आरोग्याचा अलंकार नसून त्याच्या व्याख्येचाच भाग आहे.

आपली बोलीही हेच जाणते. मन खचले की आपण म्हणतो, हातपाय गळाले, अन्न गोड लागत नाही, डोळ्याला डोळा लागत नाही, छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते. दुःख मनाचे, पण त्याची भाषा सारी शरीराची. आयुर्वेदाने ही भाषा गंभीरपणे ऐकली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंचविसाव्या अध्यायात, ज्या त्या बाबतीत अग्रगण्य काय, याची एक मोठी यादी आहे. रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषाद सर्वांत पुढे, शरीर शोषणाऱ्यांत शोक पुढे, असे तीत सांगितले आहे. त्याच यादीत आरोग्य देणाऱ्या गोष्टींत वेळेवर भोजन आणि थकवा घालविणाऱ्यांत स्नान अग्रस्थानी आहे. रोगाच्या बाजूला विषाद आणि आरोग्याच्या बाजूला वेळेवरचे जेवण! इतकी साधी जोडी एका यादीत यावी, यातच या शास्त्राची दृष्टी दिसते.

विमानस्थानात चरक आणखी पुढे जातो. हितकर अन्न बेताने खाल्ले तरी चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण यांमुळे ते पचत नाही, असे त्याचे निरीक्षण आहे. म्हणजे दुःखाने अग्नी मंदावतो, अग्नी मंदावला की शक्ती जाते, शक्ती गेली की दुःख अधिक जड होते. हे चक्र कोठेतरी तोडले पाहिजे. मनाला थेट हात घालता येत नाही. हात, पाय, पोट आणि डोळे यांना मात्र कामाला लावता येते. दिनचर्येचे सारे मर्म यात आहे. ती मनाला 'तुला उत्साह आहे का?' असे विचारीत नाही. ती म्हणते, उत्साह नसू दे, सहा वाजले आहेत.

आता प्रत्यक्ष काय करावे? वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. गणेश कृष्ण गर्दे यांच्या 'सार्थ वाग्भट'मुळे तो मराठी घरांत पोहोचला. त्यातील आपल्याला झेपेल तेवढेच सांगतो.

पहिली गोष्ट, उठण्याची वेळ. ग्रंथ ब्राह्ममुहूर्त सांगतात. खचलेल्या माणसाने एकदम तेथवर उडी घेऊ नये. पण रोज एकाच वेळी उठावे आणि उठल्यावर उजेडात यावे. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचे आतले घड्याळ लागते आणि रात्रीची झोप त्यावर अवलंबून असते, हे आजचे विज्ञानही सांगते. आदिलाबादच्या थंडीत पौषातल्या पहाटे अंथरूण सोडवत नाही, हे मी जाणतो. तेव्हा सूर्य वर आल्यावर ओसरीवर बसावे. पण आत, अंधारात पडून राहू नये.

दुसरी गोष्ट, अभ्यंग. वाग्भट तो नित्य करावा म्हणतो आणि डोके, कान व तळपाय यांवर विशेष भर देतो. तिळाचे तेल कोमट करून दहा मिनिटे स्वतःच्या हाताने चोळावे व ऊन पाण्याने स्नान करावे. अजीर्ण झाले असता किंवा कफाचा विकार असता तेल लावू नये, असे तोच बजावतो. विषण्ण मनुष्य पहिल्यांदा आपल्या देहाकडे पाठ फिरवितो. दाढी वाढते, कपडे तेच राहतात. स्वतःच्या तळव्याला तेल लावणे म्हणजे 'हा देह माझा आहे' हे पुन्हा कबूल करणे होय.

तिसरी गोष्ट, व्यायाम. तोही अर्ध्या शक्तीने. कपाळाला आणि काखेला घाम आला, तोंड कोरडे पडू लागले, की थांबावे. ही मर्यादा फार शहाणपणाची आहे. पूर्ण शक्तीची अपेक्षा ठेवणारा दुसऱ्या दिवशी अंथरुणातच राहतो. गावाबाहेर शेताच्या बांधापर्यंत जाऊन येणे पुरे.

चौथी गोष्ट, आहार. त्यासाठी शहरातून काही मागवावे लागत नाही. आपली ज्वारीची ताजी भाकरी, मुगाचे किंवा तुरीचे वरण, चमचाभर तूप, हिरवी भाजी, तीळ-जवसाची चटणी, दुपारी ताजे ताक; हे पुरेसे आहे. अन्न गरम असावे, बेताचे असावे, ठरल्या वेळी असावे आणि शक्यतो एकट्याने खाऊ नये. भूक नसेल तर पातळ पेज किंवा मुगाचे कढण घ्यावे. पण जेवणाची वेळ चुकवू नये. जेवणाऐवजी दिवसभर चहा, हा आमच्या प्राध्यापकमंडळींचा आवडता अपथ्य प्रकार आहे. तोही सोडावा.

पाचवी गोष्ट, झोप. चरकाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. झोप येण्यासाठी त्याने सांगितलेल्या उपायांत अभ्यंग, स्नान, दूध आणि मनाला सुख देणाऱ्या गोष्टी आहेत. ज्यांना दूध सोसते त्यांनी रात्री कोमट दूध घ्यावे, तळपायांना तेल लावावे आणि दिवे लवकर मालवावेत.

आता या शास्त्रातील एक जागा सांगतो, जी वाचून मी एके काळी पुस्तक मिटून बसलो होतो. न अडवावेत असे तेरा वेग वाग्भटाने मोजले आहेत. शिंक, तहान, भूक, झोप यांच्या पंक्तीला त्याने अश्रू बसविले आहेत. रडू अडविल्याने रोग होतात, असे ते मत आहे. अडविलेल्या अश्रूंवर उपाय तीन : झोप, मद्य आणि प्रिय कथा. मद्याचा उपाय आपण सोडूनच द्यावा. त्याच मद्याने होणाऱ्या मदात्यय नावाच्या रोगावर चरकाला एक संपूर्ण अध्याय लिहावा लागला आहे आणि आपल्या गावांत त्या अध्यायाची उदाहरणे घरोघर आहेत. पण प्रिय कथा! जन्मभर मी कथा शिकविल्या. त्या औषधांच्या यादीत असतील असे मला कधी वाटले नव्हते. जवळ बसून बोलणारे माणूस हे या पथ्याचे अर्धे अंग आहे.

हे मी पुस्तकी सांगत नाही. निवृत्तीनंतर काही वर्षांनी माझी पत्नी गेली. मी चारचौघांत रडलो नाही. प्राध्यापकाला ते शोभत नाही असे वाटले. चार महिन्यांत मी पुन्हा मागच्या बाकावर जाऊन बसलो होतो. एका परिचित वैद्यांनी वरीलप्रमाणे दिनचर्या लावून दिली. भूक परतली, झोप थोडी सुधारली. पण सकाळी उठल्यावर 'कशासाठी?' हा प्रश्न जाईना. तेव्हा त्याच वैद्यांनी स्पष्ट सांगितले, "सर, हे आता माझ्या एकट्याचे काम नाही. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा." मुलीने हाताला धरून नेले. गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी बरे वाटताच मी त्या आपल्या मनाने बंद केल्या आणि महिनाभरात पूर्वीपेक्षा खोल गेलो. त्या काळात मनात जे विचार आले ते या व्यासपीठावरून उच्चारणार नाही. आले होते, एवढे सांगणे मात्र माझे कर्तव्य आहे. पुन्हा उपचार घेतले, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ते हळूहळू थांबविले. दिनचर्या मात्र थांबविली नाही. औषधाने मला उभे केले आणि दिनचर्येने उभे ठेवले.

या दोहोंत वैर नाही, याला बाहेरचा पुरावाही आहे. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ नैराश्यग्रस्त रुग्णांवर एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. त्यातील एका गटाला नेहमीच्या उपचाराबरोबर प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी थोड्या भेटींत एवढेच शिकविले, की मनाची वाट न पाहता दिवसात उपयुक्त व आवडीची कामे पुन्हा सुरू करायची. तीन महिन्यांनी त्या गटातील ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते; दुसऱ्या गटातील ३९ टक्के. हा आयुर्वेदाचा अभ्यास नव्हे. तेव्हा त्याचे श्रेय मी वाग्भटाला देणार नाही. पण उभे राहण्याची सुरुवात कृतीपासून करता येते, या विचाराला त्याने बळ दिले. त्याचबरोबर उरलेल्या ३६ टक्क्यांना आणखी काही हवे होते, हेही तोच आकडा सांगतो.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या विदर्भातले. अमरावती जिल्हा आपल्यासारखाच कापसाचा आणि आपल्यासारखाच पावसाच्या भरवशावरचा. तेथील ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा उपक्रम राबविला गेला. प्रारंभी नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक मदत घेत होते. उपक्रमानंतर ते प्रमाण २७.२ टक्के झाले. दुःख होते, इलाजही होता. उणीव होती ती दाराशी येऊन विचारणाऱ्या माणसाची.

म्हणून मर्यादा स्पष्ट सांगतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत खचलेले राहिले, कामधंदा सुटला, खाणे-झोप बिघडली, तर डॉक्टरांकडे जावे. जीव नकोसा झाल्याचा विचार आला तर एक दिवसही थांबू नये आणि अशा माणसाला एकटे सोडू नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा चालू आहे. १४४१६ हा क्रमांक अहोरात्र व विनामूल्य आहे. बाजारातील भस्मे व काढे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. काही रसौषधींत शिसे व पारा घातक प्रमाणात आढळले आहेत. वैद्यांचे औषध चालू असेल तर डॉक्टरांना आणि डॉक्टरांचे चालू असेल तर वैद्यांना सांगावे. आणि शेतकऱ्याच्या कर्जावर अभ्यंगाचा उतारा नाही. ज्याच्या दुःखाचे कारण सावकाराच्या वहीत आहे, त्याला पहाटे उठण्याचा उपदेश तेवढाच करून आपण मोकळे होऊ नये.

माजी विद्यार्थ्यांना शेवटी एक विनंती. तुमच्या ओळखीत कोणी मागच्या बाकावर जाऊन बसलेला असेल. त्याला उपदेश करू नका, 'मन खंबीर कर' असे सांगू नका. सकाळी त्याच्या दाराशी जा, बरोबर चार पावले चाला, त्याच्या पानाला पान लावून जेवा आणि त्याच्याकडे एखादे लहानसे, रोजचे, दुसऱ्याच्या उपयोगी पडणारे काम सोपवा. गुरुजींनी चरक वाचला होता की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी मला उजेड, फेऱ्या, भाकरी आणि सोबत दिली. आणि मी घंटा वाजविल्याशिवाय शाळा भरत नाही, ही जाणीव दिली. त्यांच्या स्मृतीस मी विनम्र अभिवादन करतो.